धाक, वळण आणि विवेक : अ‍ॅरिस्टॉटलचा नीतिविचार आणि राळेगणसिद्धी

१

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात अ‍ॅरिस्टॉटलचे नाव सहसा एकाच ग्रंथाच्या संदर्भात येते. गो. वि. करंदीकर यांचे 'अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे अनुकृती, विरेचन, शोकात्मिकेची सहा अंगे हे विषय आपल्या अध्यापनात रूढ झाले आणि प्रश्नपत्रिकांतही स्थिरावले. ज्या ग्रंथकाराने काव्यशास्त्र लिहिले, त्यानेच दहा भागांचे 'निकोमॅकियन एथिक्स' हे नीतिशास्त्र लिहिले, ही माहिती आपण विद्यार्थ्यांना देतो ती ग्रंथकाराच्या परिचयापुरती. त्या ग्रंथाचे वाचन तत्त्वज्ञान विभागाकडे सोपवून आपण मोकळे होतो.

ही वाटणी सोयीची आहे, पण ती टिकणारी नाही. काव्यशास्त्राच्या सहाव्या प्रकरणात पात्राच्या स्वभावाविषयी जे विवेचन येते, त्याचा आशय असा की, ज्यातून पात्राची निवड प्रकट होते ते स्वभावदर्शन. ही 'निवड' म्हणजे काय, ती इच्छेहून आणि मताहून वेगळी कशी, माणूस आपल्या निवडीला कितपत जबाबदार असतो, या प्रश्नांची उत्तरे काव्यशास्त्रात नाहीत. ती नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागात आहेत. म्हणजे स्वभावचित्रणाची चर्चा करताना आपण एक असा शब्द वापरत असतो, ज्याचा अर्थ आपण न उघडलेल्या पुस्तकात आहे. मे. पुं. रेगे यांचा 'पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास' मराठीत उपलब्ध असताना ही उणीव भाषेच्या अडचणीच्या नावावरही टाकता येत नाही.

प्रस्तुत टिपणाचा हेतू मात्र अभ्यासक्रमाची दुरुस्ती सुचवणे एवढाच नाही. अ‍ॅरिस्टॉटल आपल्या नीतिशास्त्राच्या शेवटी एक अत्यंत व्यावहारिक प्रश्न उभा करतो : माणसे चांगली कशी होतात? उपदेशाने, सवयीने की सक्तीने? गेल्या अर्धशतकात महाराष्ट्रातील एका लहान गावात हाच प्रश्न चर्चेचा न राहता गावच्या जगण्याचा झाला. ते गाव अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी. या गावाकडे आपण पाणलोट विकासाचा नमुना म्हणून पाहिले, किंवा किसन बाबूराव तथा अण्णा हजारे यांच्या चरित्राचे एक प्रकरण म्हणून पाहिले. एक नैतिक प्रयोग म्हणून, त्या प्रयोगाच्या यशासकट आणि त्यातील प्रश्नांसकट, त्याचे वाचन फारसे झाले नाही. ते करताना ग्रीक नीतिविचार उपयोगी पडतो, आणि तो उपयोगी पडत असताना स्वतःही कसाला लागतो, असे माझे मत आहे.

२

प्रथम ज्ञात तपशील. राळेगणसिद्धी पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी दुष्काळाने ग्रासलेल्या या गावात शेती पोटापुरतेही पिकवत नव्हती आणि हातभट्टीची दारू गाळणे हा अनेक कुटुंबांचा आधार झाला होता. यादवबाबांच्या मंदिराचे लाकूडसुद्धा भट्ट्यांच्या जळणात गेले, ही हकिगत राळेगणच्या बहुतेक वर्णनांत सापडते. लष्करातील नोकरी संपवून हजारे १९७५ मध्ये गावी परतले. आपल्या जवळच्या पैशांतून त्यांनी या मंदिराचा जीर्णोद्धार सुरू केला, आणि पुढे गावाचे निर्णय याच मंदिराच्या आवारात होऊ लागले.

त्यानंतरचा क्रम परिचित आहे. तरुण मंडळ उभे राहिले. दारूबंदीचा निर्णय झाला. अनेकांनी भट्ट्या आपणहून बंद केल्या. ज्यांनी केल्या नाहीत त्यांच्या तरुणांनी बंद पाडल्या. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी चालवलेल्या पाणी पंचायतीच्या कामातून प्रेरणा घेऊन पाणलोटाची कामे झाली. गळका पाझर तलाव दुरुस्त झाला, नालाबांध आणि समतल चर निघाले, झाडे लागली, विहिरींना पाणी आले. मंदिरात धान्यकोठी सुरू झाली. नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री राळेगणची ओळख बनली. १९९२ मध्ये राज्य शासनाने आदर्श गाव योजना आखली ती याच सूत्रांवर. पुढे त्यांत लोटाबंदी आणि बोअरवेलबंदी यांची भर पडली.

या सूत्रांच्या नावांकडे भाषेचा अभ्यासक म्हणून लक्ष दिले पाहिजे. श्रमदान हा एक शब्द सोडला तर बाकी सर्व शब्द 'बंदी'त संपतात. राळेगणच्या नीतीचे व्याकरण निषेधाचे आहे. निषेधातून सद्गुण निपजतो का, हाच अ‍ॅरिस्टॉटलचा प्रश्न आहे.

३

या प्रश्नाच्या पूर्वार्धाला त्याने दिलेले उत्तर होकारार्थी आहे. नीतिशास्त्राच्या दुसऱ्या भागाच्या आरंभी तो सांगतो की, नैतिक सद्गुण आपल्यात निसर्गतः नसतात आणि ते निसर्गाच्या विरुद्धही नसतात. ते ग्रहण करण्याची पात्रता निसर्गाने दिलेली असते. त्यांची पूर्तता सवयीने होते. बांधकाम करूनच माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवूनच वादक होतो. तसाच न्याय्य कृती करूनच तो न्यायी होतो. ग्रीक भाषेत सवयीसाठी 'एथॉस' आणि स्वभावासाठी 'ईथॉस' असे जवळजवळचे शब्द आहेत आणि दुसरा पहिल्यापासूनच आला, याकडे तो मुद्दाम लक्ष वेधतो. कायदे करणारे नागरिकांना सवयी लावून चांगले करतात; ज्यांना हे साधत नाही त्यांची राज्यव्यवस्था फसते, असेही तो म्हणतो.

मराठीत यासाठी एक शब्द आहे, जो इंग्रजी भाषांतरांतल्या शब्दांपेक्षा मूळ कल्पनेच्या अधिक जवळ जातो. तो शब्द 'वळण'. आपण मुलाला वळण लावतो, हाताला वळण असते, अक्षरालाही वळण असते. वळणात बाहेरून दिलेला दाब आहे आणि त्या दाबाने वस्तूने धारण केलेला, पुढे तिचाच झालेला आकारही आहे. सवय सुटू शकते. वळण सहसा मोडत नाही. सद्गुण ही एखादी भावना किंवा शक्ती नसून स्थिरावलेली घडण आहे, असे अ‍ॅरिस्टॉटल जे सांगतो, ते 'वळण' या शब्दात आधीच सामावलेले आहे.

राळेगणमध्ये झाले ते या अर्थाने वळण लावण्याचे काम होते. श्रमदानाविषयी व्याख्याने देऊन श्रमदानाची वृत्ती आली नाही. बांधावर माती टाकता टाकता ती आली. इतर शाळांनी नापास म्हणून नाकारलेल्या मुलांना गावच्या शाळेने आवर्जून प्रवेश दिला, यामागेही हीच श्रद्धा दिसते की, बिघडलेला मुलगा ही निसर्गाची अटळ करणी नव्हे, लागलेले वळण बदलता येते.

अ‍ॅरिस्टॉटलच्या विचाराची आणखी एक बाजू येथे पटते. सुखी जीवन, म्हणजे त्याच्या भाषेत 'यूडायमोनिया', सद्गुणावर आधारलेले असले तरी त्याला बाह्य साधनांची गरज असते, हे तो पहिल्याच भागात मान्य करतो. रिकाम्या हातांनी उदात्त कृत्ये करणे अशक्य किंवा निदान अवघड असते. दारूबंदी राळेगणला टिकली याचे एक कारण मंदिरातला संकल्प हे आहे, आणि दुसरे कारण विहिरीला आलेले पाणी हेही आहे. ज्या घराची चूल भट्टीवर पेटत होती, त्या घराला दुसरा उद्योग मिळाला नसता तर तो संकल्प किती दिवस टिकला असता? नीतीचा उपदेश करणाऱ्यांनी आणि अर्थकारणाने सर्व काही होते असे मानणाऱ्यांनीही या जोडीचा विचार करावा.

४

अडचण येते ती पुढच्या पायरीवर. राळेगणमध्ये सुरुवातीच्या काळात बंदी मोडून दारू पिणाऱ्यांना मंदिरासमोर खांबाला बांधून लष्करी पट्ट्याने मारले जाई. ही गोष्ट हजारे यांनी लपवलेली नाही. तिचे समर्थन करताना त्यांनी आजारी मुलाला कडू औषध पाजणाऱ्या आईचा दाखला दिला होता. राळेगणच्या स्तुतिपर लेखनात हा प्रसंग एक तर गाळला जातो, नाही तर कौतुकाने सांगितला जातो. विरोधी लेखनात तो एकच प्रसंग उरतो. दोन्ही प्रकारांत विचार थांबतो.

ग्रीकांना हा विषय परका नव्हता. मिटिलीनीचा शास्ता पिटाकस याने नशेत केलेल्या गुन्ह्याला अधिक शिक्षा ठेवणारा कायदा केला होता. अ‍ॅरिस्टॉटल 'राजनीती'त त्याचा उल्लेख करतो, आणि नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागात अशा दुप्पट शिक्षेची मीमांसा देतो : नशेचे मूळ त्या माणसातच आहे, न पिणे त्याच्या हाती होते. सर्वसाधारण माणसे युक्तिवादापेक्षा सक्तीला आणि उदात्ततेपेक्षा शिक्षेला अधिक मानतात, हे तो दहाव्या भागात स्वच्छ सांगतो. त्यामुळे सक्तीचे नाव काढताच अंग चोरणाऱ्या सोवळ्या उदारमतवादाचा आधार त्याच्याकडे मागता येणार नाही.

परंतु त्याच तिसऱ्या भागात, शौर्याचे प्रकार सांगताना, त्याने एक भेद केला आहे जो राळेगणच्या खांबाला थेट लागू पडतो. अप्रतिष्ठेची लाज वाटून लढणारे नागरिक खऱ्या शौर्याच्या सर्वांत जवळ असतात. अधिकाऱ्यांच्या जबरदस्तीमुळे लढणाऱ्यांनाही कोणी या वर्गात घालील, पण ते खालच्या पायरीवरचे. कारण ते लाजेने लढत नाहीत, भीतीने लढतात. मागे हटणाऱ्या सैनिकांना मारून पुढे लोटणारे अधिकारी हेच करतात, असे उदाहरणही तो देतो. रणांगणावर अशा सैन्याचाही उपयोग होतो, हे तो नाकारत नाही. त्याला शौर्य म्हणायला मात्र तो तयार नाही.

हाच भेद सातव्या भागात संयमाच्या संदर्भात अधिक सूक्ष्म होतो. ज्याला वाईट वासनाच उरलेली नाही तो संयत. वासना आहे पण जो तिला जिंकतो तो निग्रही. कळत असूनही जो हरतो तो दुर्बल. ज्याला त्यात काही गैरच वाटत नाही तो स्वैर. खांबाच्या भीतीने न पिणारा माणूस यांपैकी कोण? तो निग्रहीसुद्धा म्हणता येणार नाही, कारण निग्रही माणूस स्वतःच्या विवेकाचे ऐकतो आणि हा पट्ट्याचे ऐकतो आहे. धाक आणि वळण यांतला फरक हा. धाक असेपर्यंत धाकाचे काम चालते. वळण धाक गेल्यावरही राहते.

आईच्या कडू औषधाच्या दाखल्यालाही प्लेटोच्या 'लॉज' या संवादात एक समांतर दाखला आहे, आणि तो नेमका उलट दिशेने जातो. तेथील अथेन्सवासी वृद्ध दोन प्रकारचे वैद्य सांगतो. गुलामांवर उपचार करणारा वैद्य रोग्याला काही विचारत नाही, काही सांगत नाही. हुकूम सोडून पुढच्या रोग्याकडे जातो. स्वतंत्र माणसांचा वैद्य रोग्याशी आणि त्याच्या आप्तांशी बोलतो, स्वतः शिकतो, त्यालाही शिकवतो, आणि त्याचे मन वळल्याशिवाय उपचार लादत नाही. म्हणून प्रत्येक कायद्याच्या आधी तो का केला हे पटवणारी प्रस्तावना असावी, अशी प्लेटोची सूचना आहे. मुद्दा औषध कडू असण्याचा नाही. रोग्याला आपण लहान मूल मानतो की प्रौढ माणूस मानतो, हा आहे. आईच्या दाखल्यात गाव कायमचे मूल राहते.

येथे व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ची (१९५५) आठवण होणे साहजिक आहे. तेथेही बाहेरून आलेला एक तरुण मास्तर गावाला सामूहिक श्रमाला प्रवृत्त करतो आणि तालीम उभी राहते. मास्तराजवळ अधिकार नाही, पट्टा नाही. आहे ती समजूत घालण्याची चिकाटी. शेवटी दुष्काळ येतो आणि गाव पांगते. तालमीने माणसांना जवळ आणले, पण पाण्याने त्यांना धरून ठेवले नाही. राळेगणमध्ये पाणी आले आणि माणसे राहिली. या दोन गावांना, एका कादंबरीतल्या आणि एका नकाशावरच्या, शेजारी शेजारी ठेवून वाचले म्हणजे मन वळवणे आणि साधने मिळवणे या दोन्ही गोष्टींची गरज स्पष्ट होते.

५

राळेगणच्या प्रयोगातील जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, त्याची चर्चा दारूबंदीच्या मानाने कमी होते. तो आहे पाण्याच्या वाटपाचा. विहिरींना पाणी आल्यावर उसासारखी फार पाणी पिणारी पिके टाळायची, सामुदायिक विहिरींवरून वाट्याने पाणी घ्यायचे, हे संकेत गावाने पाळले. ज्या जिल्ह्यात १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊस हे वैभवाचे चिन्ह झाले, त्या जिल्ह्यात हा संकेत साधा नव्हता.

नीतिशास्त्राचा पाचवा भाग न्यायावर आहे. तेथे अन्यायाचे मूळ म्हणून अ‍ॅरिस्टॉटल ज्या वृत्तीचे नाव घेतो ती 'प्लेओनेक्सिया', म्हणजे आपल्या वाट्यापेक्षा जास्त घेण्याची हाव. दारू पिणारा प्रथम स्वतःचे आणि घराचे नुकसान करतो. शेजाऱ्याच्या विहिरीखालचे पाणी खोल बोअर घेऊन उपसणारा मात्र कोणताही गुन्हा न करता, प्रतिष्ठा राखून, दुसऱ्याचा वाटा घेतो. आजच्या समाजात दारूला व्यसन म्हणणे सोपे आहे; हावेला व्यसन म्हणणे अवघड आहे, कारण तिला आपण प्रगती हे नाव दिले आहे. बोअरवेलबंदी हे सूत्र या हावेवरचे बंधन आहे. ग्रीक नीतिविचाराची आजची प्रस्तुतता कोणी विचारली तर मी प्रथम या शब्दाकडे बोट दाखवीन. राळेगणमधील 'बंदी'च्या यादीत हे एक सूत्र असे आहे की, त्याचे कारण भूजलाच्या हिशेबाने प्रत्येकाला समजावून देता येते. येथे पट्ट्याला काही कामच नाही.

६

मात्र वाटा ठरवणारे कोण, हा प्रश्न उरतो. अ‍ॅरिस्टॉटलच्या नगरराज्यात स्त्रिया, गुलाम आणि परदेशी रहिवासी यांना नागरिकत्व नव्हते, आणि काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात असे त्याने 'राजनीती'त लिहून ठेवले. सद्गुणाचे एवढे मार्मिक विश्लेषण करणारी बुद्धी येथे आपल्याच समाजाच्या वळणात अडकली. हा ग्रीक विचाराचा आनुषंगिक दोष नव्हे. वळणावर सारी भिस्त ठेवणाऱ्या कोणत्याही नीतीचा हा धोका आहे : चुकीचे वळणही तेवढ्याच स्वाभाविकपणे अंगी मुरते. जातीएवढे पक्के वळण आपल्या समाजाला दुसरे कोणते लागले आहे?

राळेगणविषयी दोन भिन्न वाचने उपलब्ध आहेत. गणेश आणि वसुधा पांगारे यांनी १९९२ मधील आपल्या पुस्तकात दारिद्र्यातून समृद्धीकडे गेलेल्या गावाची कहाणी सांगितली. मुकुल शर्मा यांनी २००६ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तील लेखात या गावातील नैतिक अधिकार आज्ञा आणि आज्ञापालन यांवर कसा उभा आहे, आणि दलितांचा समावेश इतरांनी ठरवलेल्या आचाराच्या चौकटीत कसा होतो, हे दाखवण्याचा प्रयत्न केला. दलित कुटुंबांवरचे कर्ज फेडण्यासाठी गावाने त्यांच्या शेतात श्रमदान केले, ही गोष्ट राळेगणच्या गौरवाची म्हणून सांगितली जाते आणि ती आहेही. पण उपकृत होणे आणि निर्णयात समान असणे या दोन अवस्था आहेत. पहिलीतून दुसरी आपोआप येत नाही.

या जागी आपल्याला अथेन्सपर्यंत जाण्याचीही गरज नाही. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६) मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नियम आणि तत्त्व यांत भेद केला. नियम सांगेल तसे माणूस यांत्रिकपणे वागतो; तत्त्व त्याला न्यायनिवाड्याचे साधन देते. तत्त्व चुकीचे असले तरी त्यानुसार केलेली कृती जाणती आणि जबाबदार असते. नियम बरोबर असला तरी कृती यांत्रिक राहते. अ‍ॅरिस्टॉटलने सद्गुणी कृतीसाठी तीन अटी घातल्या आहेत : कर्त्याला ती कळून केलेली असावी, त्याने ती तिच्यासाठीच निवडलेली असावी, आणि ती स्थिर स्वभावातून आलेली असावी. वळण तिसरी अट पुरी करते. पहिल्या दोन अटींचा आग्रह आंबेडकरांनी धरला आहे.

ग्रीक विचार आंबेडकरांपर्यंत आणखी एका वाटेने पोचला होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी ग्रीसचा इतिहासकार ग्रोट याच्या लेखनातील 'संवैधानिक नीती'ची कल्पना उद्धृत केली. ग्रोटने ती अथेन्सच्या लोकशाहीची उभारणी सांगताना मांडली होती. ही नीती ही स्वाभाविक भावना नाही, ती जोपासावी लागते आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे, असे आंबेडकरांनी सभागृहाला बजावले. सद्गुण निसर्गतः नसतो, तो लावावा लागतो, हा अ‍ॅरिस्टॉटलचाच सिद्धांत येथे व्यक्तीकडून प्रजासत्ताकाकडे नेलेला आहे. आणि त्याच भाषणात खेड्याविषयीचे त्यांचे प्रसिद्ध कठोर उद्गारही आहेत. ज्या दिवशी त्यांनी अथेन्सकडून नीती घेतली, त्याच दिवशी त्यांनी गावाला घटनेचा एकक मानण्यास नकार दिला. आदर्श गावाचा गौरव करणाऱ्या प्रत्येकाने या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत.

७

व्यक्ती आणि कायदा यांच्या संबंधाचा प्रश्न येथून निघतो. नीतिशास्त्राच्या दहाव्या भागात अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की, आपल्या ऊर्मींना विरोध करणाऱ्या माणसाचा लोक द्वेष करतात, तो योग्य करत असला तरीही. कायदा तीच गोष्ट सांगतो तेव्हा ती जाचक वाटत नाही. राळेगणमध्ये पट्टा उचलला गेला तेव्हा १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अस्तित्वात होता. हातभट्टी बेकायदेशीरच होती. राज्य आपल्या कर्तव्याकडे दुर्लक्ष करते तेव्हा प्रत्येकाने आपल्या मुलांना आणि मित्रांना सद्गुणाकडे नेण्यास हातभार लावावा, अशी सूट अ‍ॅरिस्टॉटलही देतो. त्या परिस्थितीत एका माणसाने पुढे होणे समजण्यासारखे आहे. पण सूट म्हणजे व्यवस्था नव्हे. एका माणसाच्या नैतिक अधिकारावर उभे राहिलेले वळण त्या माणसानंतर कोणाच्या आधाराने उभे राहणार?

त्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार या दृष्टीने अभ्यसनीय आहे. पोपटराव पवार १९८९ मध्ये तेथे सरपंच झाले आणि राळेगणचीच सूत्रे त्या गावाने स्वीकारली. तेथे वर्षाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. येथे गावाला हुकूम देण्याऐवजी गावापुढे हिशेब ठेवला जातो. राज्याच्या नियमांत गावातील परवान्याचे दारूदुकान बंद करण्यासाठी स्त्रियांच्या मागणीवरून गुप्त मतदानाची तरतूद झाली. 'उभी बाटली, आडवी बाटली' या नावाने ती लोकांच्या ओळखीची आहे. ज्या स्त्रियांच्या पाठीवर नवऱ्याच्या दारूचे वळ उमटतात, त्यांनाच निर्णयाचा अधिकार देणारी ही पद्धत, खांबाच्या शिक्षेशी ताडून पाहिली म्हणजे, धाकाकडून विवेकाकडे जाण्याची दिशा दाखवते.

हजारे यांच्याच कार्यात ही दिशा आहे, हे न सांगणे अन्यायाचे होईल. माहितीच्या अधिकारासाठी त्यांनी महाराष्ट्रात दीर्घ लढा दिला. राज्याचा कायदा २००२ मध्ये लागू झाला आणि केंद्राचा २००५ मध्ये आला. अथेन्समध्ये प्रत्येक अधिकाऱ्याला कार्यकाळाच्या शेवटी हिशेब द्यावा लागे आणि कोणाही नागरिकाला त्याच्यावर आक्षेप घेता येई. माहितीचा अधिकार ही त्या प्रथेची आजची बहीण आहे. सॉक्रेटिसने जी उलटतपासणी अथेन्सच्या बाजारात एकट्याने केली, ती येथे सामान्य नागरिकाचा हक्क झाली.

याउलट २०११ चे दिल्लीतील आंदोलन. एप्रिलमध्ये जंतरमंतरवर आणि ऑगस्टमध्ये रामलीला मैदानावर जे घडले, त्यात एका गावाचा नैतिक अधिकार एका राष्ट्रावर पसरवण्याचा प्रयत्न होता. नागरिकांनी योग्य निवाडा करायचा आणि गुणांप्रमाणे पदे वाटायची तर त्यांना एकमेकांचे स्वभाव माहीत असले पाहिजेत, म्हणून नगरराज्याला आकाराची मर्यादा हवी, असे अ‍ॅरिस्टॉटल 'राजनीती'त सांगतो. राळेगणमध्ये ही ओळख होती. मैदानावर जमलेल्या हजारोंमध्ये तिची जागा टोपीवर लिहिलेल्या एका नावाने घेतली. लोकपाल कायदा डिसेंबर २०१३ मध्ये संसदेने संमत केला आणि पहिल्या लोकपालाची नियुक्ती व्हायला मार्च २०१९ उजाडला. कायदा लिहिला गेला, पण तो अमलात आणण्याचे वळण राज्यकर्त्यांना आणि तो अमलात यावा म्हणून टोचणी लावण्याचे वळण आपल्याला लागले नव्हते. राजकारणातील विभूतिपूजा अधोगतीकडे नेते, असा इशारा आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिला होता.

८

राळेगण समजून घेण्यासाठी ग्रीक कशाला हवेत, असा आक्षेप देशीवादी भूमिकेतून येईल. आपल्याकडे संस्कार आहे, आचार आहे, संतांची शिकवण आहे, तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' आहे. आक्षेपात तथ्य आहे आणि 'वळण' हा शब्द मी त्याच तथ्याचा आधार घेऊन वापरला. परंतु संस्कार कोणी, कोणावर आणि कोणाच्या संमतीने करावेत, या प्रश्नाची लहान वस्तीच्या राजकीय जीवनाशी जोडून केलेली उघड, वादग्रस्त आणि लिखित चर्चा ग्रीकांनी मागे ठेवली, हेही खरे. शिवाय त्यांनी आपल्या अपयशाची नोंदही ठेवली. इ. स. पू. ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायसभेने बहुमताने सॉक्रेटिसला मृत्युदंड दिला. 'क्रिटो' या संवादात नगराचे कायदे त्याला म्हणतात की, आमचे मन वळव किंवा आमचे ऐक. या पर्यायातला पहिला अर्धा भाग महत्त्वाचा आहे. गावाच्या एकमुखी निर्णयाविरुद्ध ग्रामसभेत उभे राहून त्याचे मन वळवू पाहणाऱ्या एकट्या माणसाला जेथे बसायला सांगितले जात नाही, आणि दुसऱ्या दिवशीही ज्याला पारावर पूर्वीसारखी जागा मिळते, ते गाव विवेकाच्या पायरीवर आले असे म्हणावे.

या कसोटीवर राळेगणसिद्धीने पहिल्या दोन पायऱ्या ओलांडल्या, आणि त्या ओलांडणे आपल्या शहरी वस्त्यांना अजून जमलेले नाही, एवढे निःसंशय मान्य केले पाहिजे. तिसरी पायरी तेथे अपुरी आहे. ती आपल्या विद्यापीठांतही अपुरी आहे. उपस्थितीची सक्ती, तयार टिपणे आणि ठरलेले प्रश्न यांनी आपण विद्यार्थ्यांना जे वळण लावतो ते कोणत्या पायरीवरचे, याचा विचार अध्यापकांनी करावा. निदान स्वभावचित्रणाचा पाठ घेताना काव्यशास्त्राच्या सहाव्या प्रकरणाबरोबर नीतिशास्त्राचा तिसरा भाग वाचावा, आणि ग्रामीण कादंबरी शिकवताना गावाची एकजूट कोणत्या किमतीला उभी राहिली हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारू द्यावा. त्याचे उत्तर आपल्याला आवडणार नाही असे असले, तरीही.